बंगळूरची समस्यापूर्ती

सतराव्या शतकाच्या मध्याचा सुमार. बंगळूर येथे शहाजीराजे भोसले यांचा दरबार भरलेला असताना जयराम पिंड्ये नावाचा एक कवी राजदर्शनास आला. मोठ्यांच्या भेटीस रिकाम्या हाताने जाऊ नये, म्हणून पाहुणा एक नारळ पुढे ठेवतो. जयरामाने बारा नारळ मांडले. बाराच का, असा प्रश्न साहजिकच निघाला. आपल्याला बारा भाषांत काव्य करता येते आणि प्रत्येक भाषेचा एक नारळ आहे, असा त्याचा खुलासा होता. ही हकीकत त्याच्याच ‘राधामाधवविलासचंपू’ या ग्रंथात आली आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२२ साली तो ग्रंथ विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून ती मराठी वाचकांच्या परिचयाची झाली.

या ग्रंथात दरबाराचे जे वर्णन आहे, त्यात समस्यापूर्तीला मोठे स्थान आहे. समस्या म्हणजे श्लोकाचा एखादा सुटा चरण. पुष्कळदा तो मुद्दाम चमत्कारिक अर्थाचा निवडलेला असे. कवीने उरलेले चरण तेथल्या तेथे रचून त्या चरणाला अर्थ आणून द्यावयाचा. संस्कृत, प्राकृत, ग्वाल्हेरी, गुजराती, पंजाबी, हिंदुस्थानी, कर्नाटकी अशा नाना भाषांतील रचना या चंपूत आढळतात. भाषा येते की नाही हे पाहण्याची ही रीत लक्षात घेण्याजोगी आहे. कवीकडून कोणी विभक्तीचे प्रत्यय म्हणवून घेत नसे. त्याच्यापुढे एक अडचण ठेवली जाई आणि ती अमुक भाषेत सोडव, असे सांगितले जाई. अडचण सुटली की भाषा येते हे आपोआपच सिद्ध होई.

पुढे सुमारे सव्वातीनशे वर्षांनी याच बंगळुरात शाळकरी मुलांना परकी भाषा शिकविण्याचा एक प्रयोग झाला आणि तो जगभर गाजला. त्या प्रयोगाच्या मुळाशी अशीच कल्पना होती. दोन्ही प्रसंगांचा एकमेकांशी प्रत्यक्ष संबंध काही नाही. प्रयोग करणाऱ्यांनी जयरामाचे नाव ऐकले असेल, असे मानण्यासही कारण नाही. तथापि हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहिले, आणि मधल्या काळात भोसले कुळाच्या एका शाखेने दक्षिणेत काय केले याकडे लक्ष दिले, तर मूल भाषा कशी उचलते आणि समाज भाषा कशी गमावतो, या दोन्ही प्रश्नांवर बराच प्रकाश पडतो.

बंगळूर ही भाषांच्या सीमेवर वसलेली नगरी. केंपेगौडाने १५३७ मध्ये ती वसविली. १६३८ मध्ये विजापूरच्या आदिलशाहीचा सेनापती रणदुल्लाखान याच्या मोहिमेत ती जिंकली गेली आणि त्या मोहिमेतील प्रमुख सरदार शहाजीराजे यांच्याकडे आली. जिजाबाई आणि बालशिवाजी यांचेही काही काळ येथे वास्तव्य झाले. येथील रयत कानडी. पूर्वेला काही मजलांवर तेलुगू मुलूख आणि आग्नेयेला तमिळ. विजापूरच्या दरबाराशी लिहिणे फारसीत. लष्करात दखनी आणि मराठी. विद्वानांची चर्चा संस्कृतात. आणि सरदाराच्या घरातील बोलणे मराठीत. या भाषांपैकी एकही भाषा शोभेसाठी नव्हती. सारा ठरवावयाचा तर कानडी हवी, फर्मान वाचावयाचे तर फारसी हवी आणि आईशी बोलावयाचे तर मराठी हवी. अशा वाड्यात वाढलेल्या मुलांना भाषा शिकविण्यासाठी निराळी घटका राखून ठेवावी लागत नसावी. दारात येणारा प्रत्येक माणूस आपली भाषा बरोबर घेऊन येई, आणि जयरामासारखा पाहुणा कवी आला म्हणजे तर एका बैठकीत बारा भाषांचा मेळा भरे.

शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७६ च्या सुमारास तंजावर हस्तगत केले आणि या घराण्याची एक शाखा कायमची कावेरीकाठी गेली. बंगळूर मागे राहिले. १६८७ मध्ये ते मोगलांमार्फत म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे गेले. परंतु बंगळूरच्या वाड्यातील बहुभाषी वळण या शाखेने सोबत नेले. तंजावरची प्रजा तमिळ होती आणि नायक राजांच्या काळापासून तेथील दरबारी वाङ्मयाची भाषा तेलुगू होती. अशा ठिकाणी मराठी राजांनी एकच भाषा लादण्याचा हट्ट धरला नाही. व्यंकोजींचे पुत्र शाहराजे यांनी १६८४ ते १७१२ या आपल्या कारकीर्दीत तेलुगू, मराठी आणि संस्कृत रचना केल्या. मराठीतील सर्वांत जुन्या उपलब्ध नाटकांत त्यांच्या नाटकांची गणना होते. त्यांच्या ‘पंचभाषाविलास’ या नाटकात तर पाच भाषा एकाच रंगभूमीवर नांदतात. निरनिराळ्या देशांच्या राजकन्या येतात आणि आपापल्या भाषेत बोलतात. प्रेक्षकाला पाचही भाषा सारख्याच अवगत असण्याची गरज नसे. कथा ठाऊक असली, अभिनय समोर असला आणि गाणे कानी पडत असले, म्हणजे न कळणारे शब्दही हळूहळू कळू लागतात.

हेच सूत्र हाती घेऊन त्याला शाळेचे रूप देणारा राजा म्हणजे दुसरे सरफोजी. त्यांचा जन्म १७७७ चा. तुळजाराजांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतले आणि जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली ठेवले. राज्याच्या वारशाचा तंटा पेटला, तेव्हा १७९३ मध्ये या मुलाला मद्रासला हलविण्यात आले. तेथे गेरिके नावाच्या दुसऱ्या मिशनऱ्याकडे त्याचे शिक्षण झाले. घरी मराठी, नगरात तमिळ, ग्रंथांत संस्कृत, गुरूकडून इंग्रजी. या मुलाचे सारे बालपण एका भाषेतून दुसऱ्या भाषेत ये-जा करण्यात गेले. १७९८ मध्ये ते गादीवर बसले आणि पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्यकारभार इंग्रजांच्या कंपनीकडे गेला. किल्ला, वाडा, मानमरातब आणि तनखा एवढेच राजाच्या हाती उरले. दुसरा एखादा राजा या निराशेत शिकारीच्या आणि मेजवान्यांच्या आहारी गेला असता. सरफोजींनी ग्रंथालय वाढविले, वैद्यकाचे प्रयोग केले, छापखाना काढला आणि शाळा चालविल्या.

छापखान्याचे नाव ‘नवविद्याकलानिधि’ असे होते. नव्या विद्या आणि कला यांचा ठेवा, असा त्याचा अर्थ. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात तेथे देवनागरी टाइपांवर ‘बालबोधमुक्तावली’ हे मराठी पुस्तक छापले गेले. इसापच्या गोष्टींचे ते भाषांतर सख्खण पंडितांनी केले. मराठीतील अगदी आरंभीच्या छापील पुस्तकांपैकी एक पुस्तक मुलांसाठी असावे आणि ते पुण्यामुंबईपासून इतक्या दूर, तमिळ मुलखात निघावे, ही गोष्ट मराठी माणसाला सहसा ठाऊक नसते. सरफोजींच्या शाळांतून मराठी, तमिळ, तेलुगू, संस्कृत, फारसी आणि इंग्रजी या भाषा शिकविल्या जात. तंजावरजवळ ओरत्तनाड येथील मुक्तांबाळ छत्रात यात्रेकरूंच्या अन्नछत्राबरोबर विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचीही सोय होती. भुकेल्या मुलाच्या डोक्यात अक्षर शिरत नाही, ही गोष्ट त्या काळच्या दात्यांना ठाऊक होती.

परंतु सरफोजींच्या शिक्षणविषयक कामातील सर्वांत कल्पक भाग शाळेच्या चार भिंतींत मावणारा नव्हता. दक्षिणेत कुरवंजी नावाचा एक नृत्यनाट्याचा प्रकार आहे. डोंगरात राहणारी, टोपली घेऊन भटकणारी, हात पाहून भविष्य सांगणारी कुरव जातीची स्त्री हे त्यातील मुख्य पात्र. ती नायिकेला भेटते, आपल्या डोंगराचे, आपण हिंडलेल्या देशांचे वर्णन करते आणि शेवटी शुभ भविष्य सांगते. सरफोजींचे गुरुबंधू वेदनायकम् शास्त्री यांनी याच प्रकारात ‘बेथलेहेम कुरवंजी’ हे ख्रिस्ती विषयावरचे तमिळ काव्य लिहिले. सरफोजींच्या नावावर असलेली ‘देवेंद्र कुरवंजी’ मराठीत आहे, आणि तिचा विषय आहे जगाचा भूगोल. भटकणाऱ्या कुरवंजीने देशोदेशींच्या कथा सांगावयाच्या ही जुनीच चाल. राजांनी तिच्या तोंडी पृथ्वीवरील खंडे आणि देश घातले. नकाशावर बोट ठेवून घोकावयाची नावे रागातालात बसली आणि नाचणाऱ्या पायांबरोबर मुलांच्या मनात उतरली.

या कल्पनेचे मर्म नीट पाहिले पाहिजे. नर्तकी आणि गायक हे वाड्यातील कलावंत. त्यांचे काम देवळात आणि दरबारात. भूगोल हा इंग्रजी पुस्तकातून आलेला नवा विषय. मराठी ही राजघराण्याची, तमिळ मुलखात अल्पसंख्य असलेली भाषा. राजांनी तिन्ही एकत्र आणले. मुलाने तो खेळ पाहिला तर त्याला कला मिळाली, जगाची माहिती मिळाली आणि भाषाही मिळाली. आणि यांपैकी कोणती गोष्ट मुख्य आणि कोणती दुय्यम, हे त्याला सांगता आले नसते. चांगल्या शिक्षणाची ही एक खूण मानावयास हरकत नाही. १८२६ मध्ये बिशप हेबर तंजावरला येऊन गेले. लाव्वाझिए, लिनियस, बुफाँ अशा युरोपीय शास्त्रज्ञांचे दाखले हा मराठा राजा बोलता बोलता सहज देतो, हे पाहून त्यांना मोठा अचंबा वाटला. त्यांतील लाव्वाझिए आणि बुफाँ हे फ्रेंच होते.

१८३२ मध्ये सरफोजी निवर्तले. त्यांचे पुत्र दुसरे शिवाजी १८५५ मध्ये वारले, तेव्हा पुरुष वारस नाही या कारणाने कंपनीने तंजावरची गादी खालसा केली. सरस्वती महाल ग्रंथालय टिकले, बृहदीश्वराच्या देवळातील १८०३ चा भोसले वंशाचा प्रचंड मराठी शिलालेख टिकला, दप्तरातील मोडी कागद टिकले. भाषा मात्र विरळ होत गेली. दरबार गेला, तेव्हा मराठीत अर्ज लिहिण्याचे काम गेले, हिशेब ठेवण्याचे काम गेले, नाटक रचण्याचे काम गेले. उरले ते घरातील बोलणे. तंजावरी मराठी बोलणारी कुटुंबे आजही आहेत आणि त्यांच्या बोलीत जुन्या मराठीचे गोड अवशेष सापडतात. परंतु त्यांतील पुष्कळांना मराठी लिहितावाचता येत नाही. लिहिण्याची वेळ आली म्हणजे ती तमिळकडे किंवा इंग्रजीकडे वळतात. हा दोष त्यांचा नव्हे. भाषेला रोजचे काम उरले नाही, म्हणजे प्रेम कितीही असले तरी ती माजघराबाहेर पडत नाही.

तंजावरच्या कथेतून अशा प्रकारे दोन बाजू दिसतात. काम मिळाले तर मूल अनेक भाषा सहज उचलते. आणि काम सुटले तर पिढीजात भाषाही हातची जाते. मग एखाद्या मुलाला घरच्या भाषेऐवजी दुसऱ्याच भाषेतून शिकविले, तर त्याला ती नवी भाषा मिळेल की जुनी जाईल? हा प्रश्न प्रत्येक पालकाच्या मनात असतो. त्याची पद्धतशीर तपासणी प्रथम झाली ती मात्र हिंदुस्थानापासून फार दूर, कॅनडात.

माँट्रिऑल शहराच्या समोर, सेंट लॉरेन्स नदीच्या पलीकडे, सेंट लँबर्ट नावाचे एक उपनगर आहे. क्वेबेक प्रांत बहुसंख्येने फ्रेंचभाषक. या उपनगरात इंग्रजी बोलणारी कुटुंबेही बरीच. त्यांची मुले शाळेत वर्षानुवर्षे फ्रेंचचा तास घेत, तरी शेजारच्या फ्रेंच मुलाशी चार वाक्ये बोलताना अडखळत. काही पालकांनी, त्यांत माता आघाडीवर होत्या, शाळामंडळाकडे आग्रह धरला की फ्रेंच शिकविण्यापेक्षा सारे शिक्षणच फ्रेंचमधून द्या. मंडळ नाखूश होते. अखेर १९६५ च्या सप्टेंबरात २६ बालकांचा एक शिशुवर्ग सुरू झाला. शिक्षिका फ्रेंचच बोले. मुले आरंभी आपसांत आणि तिच्याशीही इंग्रजीत बोलत. तिला ते चाले. गाणी, चित्रे, कातरकाम, खेळ, गोष्टी हे सारे फ्रेंचमधून होई. वाचनाचा श्रीगणेशाही फ्रेंचमध्येच झाला आणि इंग्रजीचा तास दुसऱ्या इयत्तेपासून आला. भाषेत बुडवून काढणारी ही रीत ‘फ्रेंच इमर्शन’ या नावाने पुढे कॅनडाभर आणि इतर देशांतही पसरली.

मॅकगिल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ वॉलेस लँबर्ट आणि त्यांचे सहकारी टकर यांनी या मुलांची वर्षानुवर्षे चाचणी घेतली आणि १९७२ मध्ये निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. मुलांचे इंग्रजी इतरांच्या बरोबरीचे राहिले. गणितात ती मागे पडली नाहीत. आणि त्यांचे फ्रेंच, जन्मजात फ्रेंच मुलांइतके अस्खलित नसले तरी, रोजच्या तासावर शिकणाऱ्यांच्या कितीतरी पुढे गेले. परंतु लँबर्ट यांनी एक इशाराही दिला. या मुलांची इंग्रजी सुरक्षित होती, कारण घर, रस्ता, दुकान, नोकरी सर्वत्र तिला मान होता. फ्रेंच ही तिच्यावर पडलेली भर होती. ज्या मुलाची घरची भाषा समाजात दुबळी आहे, त्याच्या बाबतीत हीच रीत बेरजेऐवजी वजाबाकी करू शकते. तंजावरची मराठी कुटुंबे लँबर्टना ठाऊक नव्हती; पण त्यांच्या इशाऱ्याचे उदाहरण शोधावयाचे झाल्यास ते तेथे सापडते.

आता पुन्हा बंगळूर. स्वातंत्र्यानंतर दक्षिणेतील शाळांत इंग्रजी शिकविण्यासाठी एक शिस्तबद्ध रीत स्वीकारली गेली होती. वाक्यांचे साचे सोप्यापासून अवघडापर्यंत ओळीने लावलेले असत. शिक्षकाने हातात पुस्तक धरून एक वाक्य म्हणावयाचे आणि साऱ्या वर्गाने ते एका सुरात परत म्हणावयाचे. व्याकरणाचे नियम पाठ करून भाषांतर करण्याच्या पूर्वीच्या रीतीपेक्षा ही निश्चितच बरी होती. तरीही पाच-सहा वर्षे शिकलेले मूल वर्गाबाहेर गेले की मुके होई. बंगळूरच्या रीजनल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश या संस्थेत आणि मद्रासच्या ब्रिटिश कौन्सिलमध्ये या अपयशाची चर्चा होत होती. त्या चर्चेतून एन. एस. प्रभू यांनी एक साधा पण धाडसी विचार मांडला. मुलाचे सारे लक्ष अर्थावर गुंतलेले असते, तेव्हाच भाषेची घडण त्याच्या मनात नकळत बसते. म्हणून व्याकरणाचा पाठ बाजूला ठेवून मुलांपुढे सोडविण्यासारख्या समस्या ठेवाव्यात.

१९७९ ते १९८४ अशी पाच वर्षे हा प्रयोग चालला. ‘बंगळूर प्रकल्प’ या नावाने तो ओळखला जातो, जरी त्याचे वर्ग मद्रासकडेही होते. शाळा साध्या होत्या. मुले आपापल्या भाषेतून शिकणारी. साधने म्हणजे फळा, खडू, कागद आणि पेन्सिल. वर्गात घड्याळाचे काटे येत, महिन्याचे कॅलेंडर येई, नकाशे येत, शाळेचे वेळापत्रक येई, टपालाचे दर येत, तारेतील मजकूर येई. मद्रास-बंगळूर धावणाऱ्या वृंदावन एक्स्प्रेसचे वेळापत्रक फळ्यावर लिहिले जाई आणि गाडी कोठून केव्हा सुटते, अमुक स्थानकापासून तमुक स्थानकापर्यंत किती वेळ लागतो, असे प्रश्न निघत. कधी वर्गांची वेळापत्रके देऊन त्यांवरून एखाद्या शिक्षकाचे दिवसभराचे वेळापत्रक तयार करावयास सांगत. आधी शिक्षक सर्व वर्गाबरोबर तोंडी एक समस्या सोडवी. मग तशीच दुसरी समस्या प्रत्येक मुलाने आपापली सोडवावयाची. निम्म्या वर्गाला निम्मी समस्या सुटली, तर ती त्या वर्गाला योग्य होती असे धरीत. गुण दिले जात ते उत्तराच्या बरोबर-चुकीवर. भाषेच्या शुद्धतेवर नव्हे.

प्रभूंनी अशा समस्यांचे तीन प्रकार केले होते. पहिल्यात एकाजवळ असलेली माहिती दुसऱ्याला द्यावयाची. दुसऱ्यात दिलेल्या माहितीवरून तर्काने नवी माहिती काढावयाची. तिसऱ्यात आपले मत किंवा आवड सांगावयाची. वर्गात सर्वांत फलद्रूप ठरला तो दुसरा, तर्काचा प्रकार. यामागचे कारण उघड आहे. मत विचारले की लाजाळू मूल गप्प बसते. माहिती विचारली की ते पाहून वाचते. पण कोडे घातले की ते स्वतःला विसरते. मूल एका शब्दात उत्तर देई, कधी मातृभाषेत देई. शिक्षक तेच उत्तर सहजपणे इंग्रजीत परत म्हणे आणि पुढे जाई. घरात आई लहानग्याच्या बोबड्या बोलाला असाच प्रतिसाद देते.

या प्रयोगाची परीक्षा बाहेरच्या अभ्यासकांनी केली. ॲलन बेरेटा आणि ॲलन डेव्हिस यांनी १९८५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. रुळलेल्या रीतीने शिकलेली मुले साच्यांच्या परीक्षेत सरस ठरली, तर श्रुतलेखन, आकलन यांसारख्या इतर कसोट्यांवर प्रयोगातील मुले पुढे होती. केवळ अर्थाकडे लक्ष देऊनही व्याकरण मनात घडू शकते, या म्हणण्याला काही प्रमाणात आधार मिळतो, असे त्यांनी सावधपणे लिहिले. वर्गांची निवड सर्वस्वी समतोल नव्हती हेही नमूद केले. पुढे बेरेटा यांना असे आढळले की प्रयोगासाठी बाहेरून आलेल्या उत्साही शिक्षकांना ही रीत जितकी साधली, तितकी शाळेच्या नेहमीच्या शिक्षकांना साधली नाही. त्यांना स्वतःच्या इंग्रजीचा भरवसा नव्हता आणि मूल काय उत्तर देईल हे आधी ठाऊक नसलेला तास घेणे त्यांना जड जाई. प्रभूंनीही पुढे आपल्या रीतीला सर्वश्रेष्ठ म्हणण्याचे टाळले. शिक्षकाला स्वतःला जे मनापासून पटते तेच त्याच्या हातून जिवंत होते, अशी त्यांची भूमिका होती. १९८७ साली त्यांचे पुस्तक निघाले आणि समस्यांतून भाषा शिकविण्याच्या जगभरच्या चळवळीत बंगळूरचे नाव आद्य म्हणून घेतले जाऊ लागले.

शिक्षकाची ही अडचण ध्यानात घेतली, म्हणजे परकीय भाषेतून शिकविणाऱ्या शाळा पाहुण्या कलावंतांना एवढ्या अगत्याने का बोलावतात, ते कळते. वर्षभर एकाच शिक्षिकेचा आवाज ऐकणाऱ्या मुलाला भाषा म्हणजे तिचाच आवाज असे वाटू लागते. मग एखादा चित्रकार येतो, एखादी कथेकरीण येते, एखादा वादक आपले वाद्य घेऊन येतो. त्याचा उच्चार वेगळा, बोलण्याची गती वेगळी, आणि तो भाषा शिकवावयास आलेला नसतो. त्याला मुलांकडून मुखवटा करून हवा असतो, ताल धरून हवा असतो. रंग कोणता घेऊ, दोरी कोठे बांधू, हे त्याला त्याच्याच भाषेत विचारल्यावाचून गत्यंतर नसते. मुलाच्या दृष्टीने तो पाहुणा हीच एक समस्या असते आणि ती सोडविताना भाषा हाती येते. जयराम आपले बारा नारळ घेऊन आला, तेव्हा त्या दरबारातील मुलांनाही असाच पाहुणा लाभला. तंजावरच्या कुरवंजीने भूगोल गायिला, तेव्हा तिनेही हेच केले.

बंगळुरात आज लक्षावधी मराठी माणसे नोकरी-उद्योगाच्या निमित्ताने राहतात. त्यांचे मूल शाळेत इंग्रजी बोलते, खेळाच्या मैदानावर हिंदी, रिक्षावाल्याशी कानडी आणि घरी मराठी. कोठे कोठे फ्रेंच किंवा जर्मन हीही एक भाषा त्यात भर घालते. इतक्या भाषांनी मूल गोंधळेल, ही भीती इतिहासाला धरून नाही. भीती बाळगावयाचीच तर ती वेगळी आहे. या सर्व भाषांत मराठीला कोणते काम उरले आहे? आजीला फोन करणे एवढेच काम उरले, तर आजीबरोबर तेही संपेल. आठवड्यातून एक दिवस मुळाक्षरे गिरविण्याच्या वर्गाने ही उणीव भरून येणार नाही, कारण तो पुन्हा भाषेचाच तास झाला. त्या मुलाला मराठीत सोडविण्यासारखे काही तरी द्यावे लागेल: गणपतीच्या आराशीचा हिशेब, नाटुकल्यातील भूमिका, गावाकडच्या प्रवासाची आखणी, पाहुण्या कीर्तनकाराला विचारावयाचे प्रश्न.

शहाजीराजांचा बंगळूरचा वाडा आज उभा नाही. कर्नाटकातच, होदिगेरे येथे, १६६४ मध्ये शिकारीत मृत्यू पावलेल्या त्या राजाची समाधी आहे. जयरामाचा ग्रंथ मात्र वाचावयास मिळतो आणि त्यात एकाच सभेत अनेक भाषा आपापली कामे करताना दिसतात. बंगळूरच्या एखाद्या घरात आजही सुट्टीच्या आधी वेळापत्रक उघडले जाते. पुण्याची गाडी कोणत्या स्थानकावरून सुटते, मिरजेला किती वाजता पोहोचते, डबा किती जणांचा घ्यावा, असे प्रश्न निघतात. ते मुलाला मराठीत विचारावेत आणि त्याने उत्तर शोधेपर्यंत थांबावे. तेवढ्या थांबण्यात त्याची समस्यापूर्ती होते.